सुजलेल्या हाताचा लिम्फ मसाज: घरी कसा करायचा आणि कधी थांबायचं

आईच्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. सगळं आटोपून वर्ष होत आलं होतं. गौरी बसल्या त्या दिवशी तिने हौसेने हिरव्या बांगड्या भरल्या आणि संध्याकाळी उजव्या हातातल्या निघेनात. साबण लावून पाहिला, शेवटी दोन वाढवाव्या लागल्या. मनगटावर वळ उमटले होते आणि ते सकाळपर्यंत तसेच होते.

मी तिची मुलगी. मला सुचलं ते मी केलं. तिळाचं तेल कोमट केलं आणि पंजापासून वर रगडून मालिश सुरू केली. बाळंतिणीला करतात तशी, चांगला जोर लावून. आठ दिवसांनी हात आणखी जड झाला, कोपराखाली दाबलं की खळगा पडू लागला. तेव्हा कुठे आम्ही या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी माझ्या दोन चुका सांगितल्या. एक, जोर. दुसरी, सुरुवात. सुजलेल्या जागेपासून सुरुवात करायचीच नसते.

तो मसाज मी त्यांच्यासमोर बसून शिकले आणि गेली काही वर्षं घरी करते आहे. ज्यांच्या घरी असा हात आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मात्र पहिल्यांदा कुणा जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्याच. हाताचा दाब लिहून पुरता सांगता येत नाही.

हे पाणी येतं कुठून

रक्त बारीक केशवाहिन्यांतून फिरताना त्यातलं थोडं पाणी आणि प्रथिनं बाहेर पेशींच्या मधे झिरपतात. ते परत गोळा करून रक्तात नेणारी एक वेगळी नळ्यांची व्यवस्था शरीरात आहे. त्या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या, आणि आतला द्रव म्हणजे लसीका किंवा लिम्फ. दिवसाला दोन ते चार लिटर लिम्फ अशी परत जाते. वाटेत लसीकाग्रंथी असतात. आपण ज्यांना साध्या भाषेत गाठी म्हणतो त्याच. काखेत साधारण २० ते ३०, जांघेत, मानेत, पोटात, मिळून सगळ्या शरीरात पाचशेहून जास्त. जंतू अडवायचं काम या गाठी करतात.

रक्ताला ढकलायला हृदय आहे. लिम्फला तसा एकच मोठा पंप नाही. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंती स्वतःच हळूहळू आकुंचन पावतात, विश्रांतीत मिनिटाला सहा ते दहा वेळा. आत झडपा असतात, त्यामुळे द्रव मागे येत नाही. बाकीचं काम स्नायूंची हालचाल आणि खोल श्वास करतात. शेवटी सगळी लिम्फ गळ्याच्या हाडामागे, दोन्ही बाजूंना, मोठ्या शिरांत रिकामी होते. शरीराचा बहुतेक भाग डावीकडे रिकामा होतो. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्याची उजवी बाजू तेवढी उजवीकडे.

काखेतल्या गाठी काढल्या किंवा त्यांच्यावर रेडिएशन झालं की हाताकडून येणारी वाट अरुंद होते. सगळ्याच बायकांना सूज येते असं मुळीच नाही. काखेतल्या गाठींचा पूर्ण संच काढला तर साधारण पाचातल्या एकीला येते. हल्ली शक्य असेल तिथे पहिल्या एक-दोन गाठीच तपासायला काढतात, त्या ऑपरेशननंतर हे प्रमाण बरंच कमी असतं, शंभरात पाच-सहा. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण दहा वर्षांनीही येऊ शकते. याला लिम्फेडिमा म्हणतात.

आमच्या आजोळी कोकणात भाताची खाचरं आहेत. पाणी जास्त झालं की वरच्या खाचरातून ते ढकलत बसत नाहीत. आधी सगळ्यात खालच्या बांधाची मोरी मोकळी करतात, मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. पाणी आपसूक उतरतं. लिम्फ मसाजचा क्रम अगदी हाच आहे. आधी गळा, मग दुसरी काख, मग छाती, मग जांघ आणि कूस, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी सुजलेला पंजा. मी पंजापासून रगडत होते तेव्हा तुंबलेलं पाणी तुंबलेल्याच जागी ढकलत होते.

जोर का नको

त्वचेच्या अगदी खाली सगळ्यात बारीक लसीकावाहिन्यांची जाळी असते. त्यांच्या भिंती आसपासच्या ऊतींना बारीक धाग्यांनी बांधलेल्या असतात. त्वचा हलकी ताणली की ते धागे ओढले जातात, भिंतीतल्या फटी उघडतात आणि पाणी आत शिरतं. ताण सोडला की फटी मिटतात आणि पाणी पुढे सरकतं. म्हणून ताणणं जितकं महत्त्वाचं तितकंच सोडणंही. जोरात दाबलं तर या नाजूक नळ्या चपट्या होतात. शिवाय चोळण्याने त्या भागात रक्त जास्त येतं, म्हणजे पाणी आणखी झिरपतं.

दाब किती, हे सांगताना मी प्रत्येकीला दुधाचं उदाहरण देते. दूध निवलं की वरची साय न मोडता बोटांनी भांड्याच्या कडेला सरकवायची असते. तेवढाच दाब. त्वचा बोटांबरोबर सरकली पाहिजे, बोटं त्वचेवरून घसरता कामा नयेत. म्हणूनच तेल लावायचं नाही, पावडर नाही, क्रीम नाही. कोरडा हात. मसाजनंतर जागा लाल झाली तर दाब जास्त झाला असं समजा.

ही पद्धत बसवली डेन्मार्कचे एमिल वोडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी, १९३०च्या दशकात, फ्रान्सच्या कान शहरात. सतत सर्दी असणाऱ्या, मानेच्या गाठी सुजलेल्या लोकांवर ते काम करत. त्या काळी सुजलेल्या गाठींना हात लावायचं डॉक्टर टाळत असत. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांनी हे तंत्र लोकांसमोर मांडलं. पुढे जर्मनीत मिखाएल फोल्डी यांनी या मसाजला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा जोडून पूर्ण उपचार तयार केला. आज जगभर लिम्फेडिमाला देतात तो हाच. चार पाय आहेत त्याला, आणि मसाज त्यातला एकच. फक्त मसाज करून स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट लवचिक बाही, न घालणं म्हणजे उपसलेल्या विहिरीत झरा तसाच सोडणं.

आधी हे तपासा

सूज नव्याने आली असेल तर मसाजआधी डॉक्टरांना दाखवा. हाताची सूज शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानेही येते, आजार परतल्यानेही येते. ते आधी वगळायला हवं. खाली लिहिलेल्या परिस्थितीत मसाज करायचाच नाही:

- हात लाल, गरम, दुखरा झाला आहे, ताप किंवा थंडी वाजते आहे. हा त्वचेखालचा जंतुसंसर्ग असतो. त्याच दिवशी डॉक्टर, प्रतिजैविक औषध, आणि मसाज व स्लीव्ह दोन्हीबद्दल त्यांनाच विचारा.
- शिरेत गुठळी आहे किंवा तशी शंका आहे.
- हृदय नीट काम करत नाही, किंवा मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे अंगावर सूज आहे. हातातलं पाणी परत रक्तात ढकललं तर हृदयावर भार येतो.
- कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा आजार परतला आहे. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय नाही.

थायरॉइड जास्त काम करत असेल, मानेच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असतील, किंवा मान दाबली की चक्कर येत असेल तर मानेची पायरी सोडून द्या. गरोदर असाल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पोटावर हात फिरवू नका. रेडिएशनची त्वचा सोललेली किंवा ओली असेल, टाके अजून भरायचे असतील, तर त्या जागेला हात लावू नका.

टेप आणि वही

शिंप्याची टेप घ्या. दोन्ही हात मोजा, फक्त सुजलेला नाही. जागा ठरवून ठेवा: बोटांच्या मुळाशी पंजा, मनगट, कोपराच्या घडीखाली १० सेंटीमीटर, घडीच्या वर १० सेंटीमीटर. रोज नाही, आठवड्यातून एकदा, एकाच वेळी. सकाळी हात बारीक असतो आणि संध्याकाळी फुगतो, त्यामुळे वेळ बदलली की माप फसवतं. टेप सैल धरा, आवळू नका. दोन हातांत एखाद्या जागी २ सेंटीमीटर किंवा जास्त फरक पडला तर सूज धरतात. पण उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून ऑपरेशनआधीची मापं असतील तर सोनं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी आजच मोजून ठेवा.

आमची वही शाळेच्या दोनशे पानी वहीसारखी आहे. त्यात मापांबरोबर आई त्या आठवड्यात काय केलं तेही लिहिते. पापड लाटले, लग्नाला गेलो, ऊन खूप होतं. वर्षभराने ती वही चाळली तेव्हा कळलं की तिचा हात सगळ्यात जास्त मे महिन्यात आणि पाहुण्यांच्या दिवसांत फुगतो.

मसाज: एक एक पायरी

वेळ लागतो २० ते ३० मिनिटं. पोट भरल्यावर लगेच नको. सैल कपडे, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, उशीला टेकून बसा किंवा आडवं व्हा, सुजलेला हात उशीवर हृदयाच्या पातळीला. खालचा क्रम उजव्या हाताच्या सुजेसाठी आणि डावी काख निरोगी असलेल्या बाईसाठी आहे. तुमचा डावा हात असेल तर बाजू उलट करा. दोन्ही बाजूंच्या काखांचं ऑपरेशन झालं असेल तर काखेऐवजी दोन्ही जांघांकडे वाट करतात, ती फिजिओकडूनच शिका.

हाताची चाल अशी. बोटं सपाट ठेवायची, टोकं नाही तर बोटांचं पोट. त्वचा अर्धवर्तुळात ज्या दिशेला न्यायची त्या दिशेला ताणायची, आणि मग पूर्ण सोडायची. हात तिथेच, उचलायचा नाही. ती आपोआप परत येते. पुन्हा ताण. एका खेपेला एक-दोन सेकंद, घाई अजिबात नाही. पहिल्या महिन्यात माझी सगळ्यात मोठी चूक घाईची होती.

पहिली पायरी, श्वास. दोन्ही हात पोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, तोंडाने हळू सोडा. पाच वेळा. पोटातून छातीत जाणारी मोठी लसीकावाहिनी या श्वासाने रिकामी होते. पुढे प्रत्येक दोन-तीन पायऱ्यांनंतर एक-दोन असे श्वास घ्या. वेळ नसला की लोक हे गाळतात. गाळू नका. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोल जाणारी पायरी हीच आहे.

दुसरी पायरी, गळ्याच्या हाडामागचा खळगा. दोन्ही हात छातीवर एकमेकांना छेद देऊन ठेवा. बोटं खळग्यात अलगद. त्वचा आत आणि खाली, गळ्याच्या मध्याकडे ताणा, सोडा. दहा वेळा. इथे नाडी जाणवता कामा नये. जाणवली तर दाब जास्त आहे.

तिसरी पायरी, डावी काख. ही निरोगी बाजूची. उजवा तळवा डाव्या काखेत ठेवून त्वचा वर आणि आत ताणा. दहा वेळा.

चौथी पायरी, छातीवरची वाट. उजवीकडचं पाणी डाव्या काखेकडे न्यायचं आहे. पण सुरुवात डाव्या काखेजवळून करा. तिथे पाच-सात वेळा, मग एक तळवाभर उजवीकडे सरका आणि पाच-सात वेळा, मग छातीच्या मध्यावर, मग उजव्या बाजूला. हात उजवीकडे सरकत जातो, पण ताण प्रत्येक वेळी डावीकडेच. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. ऑपरेशनच्या व्रणाला ओलांडून ताणू नका, त्याच्या वरून वळसा घ्या.

पाचवी पायरी, उजवी जांघ आणि कुशीची वाट. जांघेच्या घडीत तळवा ठेवून त्वचा वर, पोटाकडे ताणा, दहा वेळा. मग कंबरेच्या बाजूला, मग बरगड्यांच्या बाजूला, मग उजव्या काखेच्या खाली. इथेही हात वर सरकतो आणि ताण खाली, जांघेकडे. ही वाट आईला सगळ्यात उपयोगी पडली. तिच्या काखेखालचा फुगवटा, ब्लाउजच्या शिवणीवर येणारा, याच पायरीने उतरू लागला.

इथवर हाताला स्पर्शही केलेला नाही. दहा-बारा मिनिटं झाली असतील. ज्या दिवशी वेळच नसेल त्या दिवशी इतकंच करा. आमच्या फिजिओ म्हणतात, अर्धा मसाज करायचा तर पहिला अर्धा करा.

सहावी पायरी, खांदा आणि दंड. डाव्या हाताने उजव्या खांद्यावरून मानेकडे ताण, सात वेळा. मग दंडाची बाहेरची बाजू, वर खांद्याकडे. दंडाच्या आतल्या बाजूचं पाणी सरळ काखेकडे नेत नाहीत, कारण तिथली वाट अडलेली असते. आतून बाहेरच्या बाजूकडे न्या, मग बाहेरून वर. दंडाचे तीन भाग करा: खांद्याजवळचा आधी, मग मधला, मग कोपराजवळचा.

सातवी पायरी, कोपर. कोपराच्या आतल्या घडीत बोटं ठेवून दहा वेळा वर ताणा. तिथे काही लसीकाग्रंथी असतात.

आठवी पायरी, कोपराखालचा हात. पुन्हा कोपराजवळून मनगटाकडे सरका, ताण मात्र प्रत्येक वेळी वर. जिथे हात कडक लागतो तिथे घाई न करता दहा-पंधरा वेळा. कडक जागा एका दिवसात मऊ होत नाही, त्यासाठी जोर वाढवू नका.

नववी पायरी, पंजा. तळव्यातून पंजाच्या पाठीकडे, पाठीवरून मनगटाकडे. मग एकेक बोट, मुळाकडून टोकाकडे सरकत, ताण मुळाकडे. बोटांच्या मधल्या जागा विसरू नका.

दहावी पायरी, परत. पंजापासून खांद्यापर्यंत लांब हलक्या चालीने वर या, तीन वेळा. मग कुशीची वाट, छातीची वाट, डावी काख, गळा, आणि पाच श्वास.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. प्रत्येकीच्या वाटा सारख्या नसतात. हिरव्या रंगाचं इंजेक्शन देऊन खास कॅमेऱ्याने लिम्फ प्रत्यक्ष कुठे वाहते ते पाहण्याची तपासणी आहे, आणि तिच्यात दिसतं की काही बायकांचं पाणी ऑपरेशन झालेल्या काखेकडेच बारीक नव्या वाटांनी जात असतं. तुमच्या फिजिओने वरच्यापेक्षा वेगळा क्रम सांगितला असेल तर त्यांचंच ऐका.

मसाज संपला की लगेच

त्वचा कोरडी असेल तर साधं मॉइश्चरायझर लावा, ते मुरू द्या, आणि स्लीव्ह चढवा. हे टाळून मसाजचा फायदा काही तासांच्या पलीकडे टिकत नाही. सुरुवातीला सूज जास्त असेल तर फिजिओ काही आठवडे थरांच्या पट्ट्या बांधतात. हात उतरला की मग मापाची स्लीव्ह. सुजलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह आधीच विकत घेऊ नका, हात उतरल्यावर ती सैल होते आणि पैसे वाया जातात. दाबाचा वर्ग डॉक्टर किंवा फिजिओने ठरवायचा, औषधांच्या दुकानात जाऊन अंदाजाने घ्यायची वस्तू नाही ती. पंजाही सुजत असेल तर सोबत हातमोजा हवाच, नाहीतर पाणी पंजात उतरतं.

चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, कापड पकडता येतं. सुरकुती राहू देऊ नका, वरची कड दुमडू नका. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर काढा. रात्री सहसा काढतात. मुंबईच्या दमट हवेत आईने पहिल्या उन्हाळ्यात स्लीव्ह सोडूनच दिली होती, घामोळं येत होतं. मग आम्ही दोन जोड घेतले, रोज सौम्य साबणाने धुवायचे, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचे. घाम मुरलेली स्लीव्ह त्वचा खराब करते. रोज वापरली तर साधारण सहा महिन्यांत लवचिकता जाते, नवी घ्यावी लागते.

हात वापरायचा की जपायचा

"आता या हाताने काही उचलू नकोस," असं प्रत्येक नातेवाईक सांगतो. या सल्ल्याने हात आणखी कमजोर होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लिम्फेडिमा असलेल्या १४१ बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट सूज एकाएकी वाढण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. स्लीव्ह घालून, अर्ध्या किलोपासून सुरू करून, थोडं थोडं वाढवत जा. हात जड वाटू लागला की त्या दिवसापुरतं थांबा. मूठ उघडझाप, मनगट फिरवणं, खांदे गोल फिरवणं, हे तर दिवसातून तीनदा कुणीही करावं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने सुजेवर थेट फरक पडतो.

त्वचेची काळजी मात्र खरी घ्या, कारण संसर्गाचा एक झटका वर्षाची मेहनत पुसतो. विळीवर चिरताना, गुलाबाच्या झाडात हात घालताना, तव्यावरची भाकरी उलटताना जपा. नखं कापताना कातडं उकरू नका. कापलं तर लगेच साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक मलम. मच्छर चावला तर खाजवू नका. रक्त तपासणी आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हाताला. पण आणीबाणीत या हाताला सुई टोचली तर घाबरून जाऊ नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या एका मोठ्या अभ्यासात सुई, बीपी आणि विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी ठोस संबंध सापडला नाही. संसर्ग आणि वाढलेलं वजन यांचा सापडला.

आणखी कुणाला उपयोग होतो

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन मानेच्या गाठी काढल्या की हनुवटीखाली आणि गालावर सूज राहते. तंबाखूमुळे आपल्याकडे असे पेशंट फार आहेत, आणि त्यांना या मसाजबद्दल कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिळायला, बोलायला, मान वळवायला त्याने मदत होते. क्रम वेगळा असतो, जबड्याचं ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयातल्या फिजिओला विचारा. गुडघा बदलल्यावरची सूज, शिरांच्या जुन्या आजारातली पायाची सूज, यातही तो वापरतात. गरोदरपणात पाय सुजले तर मात्र आधी बीपी बघा. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, तर मसाज नाही, थेट दवाखाना.

विदर्भातल्या वाचकांसाठी हत्तीरोगाबद्दल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात क्युलेक्स डासांमधून पसरणाऱ्या जंतांमुळे लसीकावाहिन्या खराब होतात आणि पाय सुजतो. तिथे मसाजपेक्षा धुणं मोठं आहे. रोज साध्या साबणाने आणि पाण्याने पाय धुणं, बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करणं, भेगा आणि चिखल्यांवर मलम, पाय उंच ठेवणं, घोटा हलवत राहणं. यानेच तापाचे झटके कमी होतात, आणि झटके कमी झाले की पाय वाढायचा थांबतो. सरकारी मोहिमेत वाटतात त्या गोळ्या दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं सोडून घरातल्या सगळ्यांनी तिथेच खाव्यात, सूज नसलेल्यांनीही.

आणि ज्यासाठी हल्ली हा मसाज सगळ्यात जास्त विकला जातो त्याबद्दल. वजन कमी होत नाही. चरबी लसीकावाहिन्यांतून अशी ढकलून बाहेर निघत नाही. चेहरा सकाळी सुजलेला असतो तो मसाजने काही तास उतरतो, इतकं खरं. शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना मसाजची वाट पाहावी लागत नाही. लिम्फेडिमामध्येही दावा मोजूनच करावा. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निष्कर्ष असा होता की मसाज सुरक्षित आहे, आणि पट्ट्यांच्या जोडीला केला तर सूज थोडी अधिक उतरते, विशेषतः सौम्य ते मध्यम सुजेत. मुख्य भार पट्ट्या आणि स्लीव्हच उचलतात. आईला विचाराल तर ती म्हणेल की मसाजनंतर हात "आपला वाटतो". हे टेपवर येत नाही, पण मी ते वहीत लिहून ठेवते.

किती दिवस, किती वेळा

पट्ट्यांच्या काळात फिजिओ रोज करतात, आठवड्यातून पाच दिवस, दोन ते चार आठवडे. नंतर घरी रोज एकदा. मापं सलग दोन-तीन महिने स्थिर राहिली तर दिवसाआड करून बघा, आणि वहीवर लक्ष ठेवा. वाढलं तर पुन्हा रोज. लिम्फेडिमा पूर्ण बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण तो आटोक्यात राहतो. फार वाढलेल्या किंवा वारंवार संसर्ग होणाऱ्या हातासाठी लसीकावाहिन्या बारीक शिरांना जोडण्याची शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांत होते. तिच्यानंतरही स्लीव्ह बहुतेकांना लागतेच.

गावात फिजिओ नसतील तर शहरातल्या तपासणीच्या दिवशी एक वेळ जास्तीची मागून घ्या, आणि मसाज करताना फोनवर व्हिडिओ काढायची परवानगी विचारा. आमच्या फिजिओंनी दिली. त्यांनी आधी माझ्या हातावर करून दाखवलं, दाब कळावा म्हणून, आणि मग मला आईच्या हातावर करायला लावून चुका सांगितल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन दाखवून आलो. तेव्हा माझी काखेची दिशा चुकत होती, ती त्यांनी दुरुस्त केली.

यंदा गौरीला आईने पुन्हा बांगड्या भरल्या. दोन मापं मोठ्या, डाव्या हातात चार आणि उजव्या हातात एक, स्लीव्हच्या वरून. रात्री मसाजला बसण्याआधी ती एक तिने स्वतःच काढून ठेवली.